न धुतलेले धागे

हे लिहायचंच नाही, असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. दोनदा टाइप करायला घेतलं, दोनदा पुसलं. एकदा तर अर्ध्या वाक्यातून उठून तो भांडी घासून आला. लिहिण्यासारखं घडलंय काय, असं स्वतःला विचारून झालं. कुणी मेलं नाही, कुणाची डोकी फुटली नाहीत, कुणी पळून गेलं नाही. यंत्रावर एक आकडा आला, एवढंच. पण दाताच्या फटीत तंतू अडकला की जीभ जशी सारखी तिकडेच जाते, तसं त्याचं झालं होतं. बसमध्ये तेच, आंघोळीला तेच, कुणी कसा आहेस विचारलं तरी तेच. शेवटी बसला.

आकडा आला तेव्हा दुपार होती आणि त्याला कडकडून भूक लागली होती. हे नीट आठवतं, कारण आकडा दिसल्यावर पहिल्यांदा काही गेलं असेल तर ती भूक. प्रयोगशाळेत तो एकटाच होता. म्हणायला प्रयोगशाळा, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या, जिथे पेयं बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या बाटल्या तपासायला पाठवतात. कोपऱ्यात ज्योतीचं यंत्र फुरफुरत होतं. त्याची केसासारखी नळी पेल्यातलं पाणी चोखते, ते ज्योतीत जातं, ज्योतीतून उजेड सोडलेला असतो, आणि तो उजेड किती अडला यावरून यंत्र सांगतं की बाबा यात अमुक धातू इतका आहे. शिशाच्या रांगेत जो आकडा उभा होता तो इतका मोठा होता की त्याला आधी वाटलं, दशांशचिन्ह सरकलंय. त्याने नळी शुद्ध पाण्यात बुडवली, आकडा खाली येऊ दिला, नळी पुसली, पुन्हा पेल्यात सोडली. आकडा परत वर चढला आणि नेमका तिथेच येऊन थांबला, घर माहीत असलेल्या पाहुण्यासारखा. पेल्यात बूचच्या दुकानातलं लिंबाचं सरबत होतं. म्हणजे सरबत नाही, सरबतातून उपसून काढलेलं जे होतं ते.

बूच हा त्याचा मित्र. शाळेत कुणीतरी नळाची तोटी तोडली आणि वर्गात पाणी यायला लागलं तेव्हा या पठ्ठ्याने अंगठा घालून तो नळ धरून ठेवला होता, मास्तर येईपर्यंत, सगळा भिजून. उंचीनेही बुटका. तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं. बायकोसुद्धा भांडताना बूच म्हणते. आणि उपसून काढायची रीत बाईंची. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. पेयातला धातू असतो इतका विरळ की यंत्राला दिसत नाही, वर साखर मध्येमध्ये करून ज्योतीला गोंधळात टाकते. आधी धातू वेगळा गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी जी पूड बाहेरून मागवतात तिची किंमत ऐकून बाई नेहमी डोळे मिटून घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की झाडाच्या धाग्याला धातू धरून ठेवायची मुळातच सवय असते. आपण फक्त त्याला कामाला लावायचं. ताग झाला, नारळाचा काथ्या झाला, आणि शेवटी त्या घोसाळ्यावर येऊन थांबल्या. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, लोक अंग घासायला वापरतात तीच. ती बारीक कातरायची, पातळ आम्लात धुवायची, मग पाण्यात धुवायची, धुवायची, धुवायची, सुकवायची आणि काचेच्या नळीत ठासायची. पेयाचा आंबटपणा आधी मारायचा, कारण फार आंबट असलं की धागा काही धरतच नाही. मग बाटलीभर पेय त्या नळीतून थेंबथेंब सोडायचं. साखर जाते, रंग जातो, वास जातो. शिसं, तांबं तेवढं धाग्याला चिकटून राहतं. शेवटी वरून चमचाभर आम्ल सोडलं की धागा धरलेलं सगळं सोडून देतो. बाटलीभराचं चमच्यात येतं. ते यंत्राला पाजायचं.

त्याला हे काम मनापासून आवडायचं. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो इथे काचा धुवायला लागला होता. पुढे बघून बघून, व्हिडिओ लावून, बाईंना नको ते प्रश्न विचारून यंत्रापर्यंत पोचला. अजूनही काही शब्द तो चुकीचे उच्चारतो आणि बाई ते न हसता दुरुस्त करतात. आम्ल सोडण्याचा क्षण त्याला विशेष आवडायचा. हट्टी पोराने मूठ उघडावी तसं. कंपन्यांच्या बाटल्यांत मात्र कधी काही निघायचं नाही, नुसतं रिकाम्या बादलीत गळ टाकून बसल्यासारखं. म्हणून बाई म्हणाल्या होत्या की घरगुती, आंबट असं काहीतरी बाहेरून आण, रीत तरी चालते का कळू दे. त्याला दुसरं काय सुचणार. बूचकडे बाटली भरून घेतली तेव्हा बूच म्हणाला होता की पास झालं तर पाटी लावतो, विज्ञानाने मान्य केलेलं सरबत, आणि नापास झालं तर तुला रोजचा पेला बंद. दोघं हसले होते.

आता पेल्याशेजारी उभं राहून त्याला अण्णा आठवायला लागले. बूचचे वडील. पत्र्याची कामं करायचे; डबे, बादल्या, पन्हाळी, ज्याला जे हवं ते. शाळा सुटली की दोघं त्यांच्या टपरीत जाऊन बसायचे. नवसागराचा पांढरा धूर नाकात जायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हलायचे नाहीत, कारण तापलेल्या खड्याला, म्हणजे डाग द्यायच्या लोखंडाला, शिशाच्या झाळाची कांडी टेकली की जे व्हायचं ते बघण्यासारखं होतं. इतका वेळ मुकाट असलेला धातू एकदम जिवंत व्हायचा, चांदीसारखा चमकत फटीतून पळत सुटायचा, आणि अण्णांनी फुंकर मारली की आहे तिथे थिजायचा. खाली पडलेले थेंब ही दोघांची दौलत. खिशात, कंपासपेटीत. तोंडातसुद्धा. बूच तर एक थेंब गालात धरून अख्खा तास गणिताला बसला होता, जीभ थंड राहते म्हणून. हे आठवलं आणि त्याने नकळत जीभ टाळूला लावून पाहिली. आणि ती टाकी. अण्णांनी शेवटी शेवटी केलेली, हात कापायला लागण्याच्या जरा आधी. बाहेरून एक पत्रा, आत दुसरा, मधल्या जागेत बर्फ, खाली पितळी तोटी. आतले सांधे बोटाएवढे जाड. बारीक सांधा बघायला देखणा असतो पण एक दिवस दगा देतो, असं त्यांचं म्हणणं. मी गेल्यावर गळली तर पोराने कुणाकडे जायचं, असंही एकदा म्हणाले होते, चेष्टेत. गेल्या वर्षी अण्णा गेले आणि बूचने गोदामातली नोकरी सोडून बसथांब्याजवळ ती टाकी मांडली. गळली नाही. थेंबभरसुद्धा नाही.

तेव्हा त्याला आठवलं की आपण कोरा काढलेला नाही. बाईंचा नियम साधा होता, आधी कोरा मग बाकीचं. कोरा म्हणजे तीच नळी, तोच धागा, तेच आम्ल, फक्त पेयाच्या जागी शुद्ध पाणी. त्यात जर धातू निघाला तर तो पेयातला नाही, आपल्याच धाग्यातला, आपल्याच काचेतला. आज भुकेच्या नादात तो राहिला होता. आणि हे आठवल्याबरोबर त्याला कोण आनंद झाला. चूक आपलीच असणार. असणारच. आयुष्यात आपण चुकलोय हे कळावं म्हणून इतका आतुर तो कधीच झाला नव्हता. त्याने फळीवरून बरणी काढली, चिमटीने धागा घेतला, नवी नळी ठासली. ठासताना त्याला शिंक आली. पाणी सोडलं, आम्ल सोडलं, यंत्राला पाजलं. आकडा आला. सरबताएवढा नव्हता, बराच लहान होता, पण शून्य नव्हता. शून्य नव्हता ना. बाई तेवढ्यात पर्स खांद्याला लावून बाहेर पडत होत्या, फोन कानाला. तो मागे धावला आणि म्हणाला, बाई, कोरा घाण आलाय. किती आलाय हे त्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. हाताने फोन झाकून त्या म्हणाल्या की मग ती सगळी खेप टाकून दे, पुढच्या आठवड्यात नव्याने धुऊ. जिना उतरून गेल्या. त्याचा जीव भांड्यात पडला. डबा उघडून तो उभ्या उभ्याच जेवला, सगळा, शेवटचा घाससुद्धा पुसून.

जेवण झाल्यावर हात धुताना ती शिंक परत आली. म्हणजे शिंक नाही, शिंकेची आठवण. धुतलेल्या धाग्याने शिंक येत नाही. धुतलेला धागा फिका असतो, मऊ, थोडासा ओल धरल्यासारखा. चिमटीत गप्प बसतो. शिंक येते ती दुसऱ्या बरणीतल्या धाग्याने, नुसत्या कातरून ठेवलेल्या, पिवळट, खरखरीत, ज्याची कुसळं उडतात आणि ज्यावर रस्त्याकडेला वाळताना बसलेली गाड्यांची धूळ तशीच असते. दोन बरण्या शेजारी शेजारी. झाकणं सारखी. पण चिठ्ठ्या लावलेल्या, आणि चिठ्ठ्या त्याच्याच हाताच्या. त्याने फळीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुठली बरणी पुढे सरकलेली आहे ते दिसलं असतं. टॉवेलला हात पुसत तो खिडकीशी गेला आणि खाली एक माणूस गाडीचं चाक बदलत होता ते फार लक्ष देऊन बघत राहिला. हात चुकला असेल. हाताला काय कळतं. पण हाताला कळतं, हेच तर तो इथे शिकला होता. काच स्वच्छ आहे की नाही हे त्याच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं, बाईसुद्धा म्हणायच्या. मग त्या वेळी बोटांनी काय केलं? खरखर लागली असणार. लागली, आणि बोटं पुढे गेली. कुणी पाठवलं त्यांना? त्याला वाटलं, आपल्या आत एक दुसराच कुणीतरी नोकरीला आहे, आपल्याहून हुशार, आपल्याला न विचारता कामं उरकणारा.

संध्याकाळी तो बूचकडे गेला नसता तरी चाललं असतं. पण रोज जायचा, आज गेला नाही तर बूच विचारणार. स्वतःला असं सांगत तो गेला. टाकीवर पाण्याचे थेंब जमले होते, थंडगार. बूच लिंबं चिरत होता आणि चिरता चिरता एका गिऱ्हाइकाशी भांडत होता की पेल्यातलं बी गिळलं तर पोटात झाड येतं का येत नाही. त्याला पाहून त्याने न विचारता पेला भरला. काय रे, परीक्षेचं काय झालं, असं बूचने विचारलं आणि तो म्हणाला की अजून नाही, धागे खराब निघाले, पुढच्या आठवड्यात. एकही शब्द खोटा नव्हता. बूच म्हणाला की म्हणजे पेपर फुटला. टाकीमागच्या स्टुलावर टिकली बसली होती, बूचची मुलगी, सहा वर्षांची, कपाळावर केस, हातात तिचा स्वतःचा छोटा स्टीलचा पेला. ती शाळेतून सरळ इथे येते आणि वहिनी कामावरून सुटून तिला घेऊन जाईपर्यंत इथेच असते. तिला भाजी नको, दूध नको, हे मात्र हवं. वहिनी आज लवकर आल्या होत्या आणि वैतागलेल्या होत्या. पोरीचं पोट दुखतं म्हणे, येऊन जाऊन दुखतं. शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष नसतं, चिडचिड करते, काल शिकवलेलं आज विसरते. बूच म्हणाला की मग माझ्यावर गेलीय. वहिनी म्हणाल्या की हेच तर मला भ्या वाटतं. सगळे हसले, तोही. टिकलीने पेला तोंडाला लावला. तिचा गळा वरखाली होताना त्याला दिसत होता, पाखराचा असतो तसा. काका, तुझा संपला नाही अजून, ती म्हणाली. मग त्याने आपला पेला एका दमात संपवला. तिला सोबत केल्यासारखा. मुकाट्याने अर्धं आपण घेतल्यासारखा. गोड लागला. शिसं गोड असतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. इतक्याशाने चव बदलत नाही हेही त्याला ठाऊक होतं. तरी जिभेवर गोडी रेंगाळत राहिली आणि ती साखरेची आहे असं तो जिभेला सांगत राहिला.

घरी बसने न जाता तो चालत निघाला. कुठून कुठे वळला ते लक्षात नाही. दुकानांचे दिवे लागत होते, फुटपाथवर खुर्च्या मांडून म्हातारे बसले होते, एका गॅरेजमध्ये कुणीतरी तोंडापुढे काळी काच धरून वेल्डिंग करत होतं. तो थांबला आणि उगीचच ठिणग्या बघत राहिला, मग डोळे मिटले तरी निळा ठिपका दिसत राहिला. त्याने मनातल्या मनात बूचला सांगून पाहिलं. अरे, जरा गडबड वाटतेय टाकीत. नको, गडबड म्हटलं की तो हसणार. अण्णांच्या सांध्यात शिसं आहे. हे म्हटलं की पुढचं वाक्य बूचच म्हणणार, आणि ते त्याला ऐकायचं नव्हतं. एका वर्षात मिळालेला बाप पुन्हा काढून घ्यायचा. कारण बूचचं अण्णांशी हयात असताना कधीच पटलं नाही; रोज उठून बोलाचाली, आठवडे आठवडे अबोला. आणि आता तो त्या टाकीला रोज सकाळी आतून बाहेरून पुसतो तेव्हा जे पुसतो ते नुसती टाकी नसते. तोटी घट्ट झाली की तिच्याशी बोलतो. एकदा तर म्हणाला होता, म्हातारा जिवंत असताना माझ्यासाठी उभा राहिला नाही, आता बघ कसा दिवसभर उभा आहे. आणि खेप टाकायचीच आहे, पुढच्या आठवड्यात नव्याने काढू, नीट, आधी कोरा. एक आठवडा. आठवड्याने काय होतं? मग त्याला टिकलीचा गळा दिसला. वरखाली. आठवड्याने काय होतं याचा हिशोब त्याने सुरू केला आणि सोडून दिला, आणि मग सोडून दिला याचाच राग येऊन भर रस्त्यात थांबला. मागून येणाऱ्या बाईची पिशवी त्याला आदळली. दिसत नाही का, ती म्हणाली. दिसतं, तो म्हणाला.

सकाळी झाडलोट व्हायच्या आत तो प्रयोगशाळेत होता. फळीकडे पाहिलं. न धुतलेल्याची बरणी पुढे होती, झाकण तिरपं. ठीक. त्याने दुसरी काढली, धुतलेली, चिठ्ठी दोनदा वाचली, मोठ्याने वाचली. धागा गप्प होता. आधी कोरा. पाणी थेंबथेंब उतरत होतं आणि तो टेबलाला टेकून उभा होता आणि मनात एकच चाललं होतं, ये ना, येच, वीस पिढ्यांचा मळ असू दे त्यात. यंत्राने नळी चोखली. शून्य. इतकं स्वच्छ शून्य त्याच्या हातून कधीच आलं नव्हतं; एरवी बाईंना हाक मारून दाखवलं असतं. मग बाटलीत उरलेलं सरबत. आंबटपणा मारला, नळीत सोडलं, वाट पाहिली, चमचाभर आम्ल. मूठ उघडली. आकडा आला, कालचाच, हट्टाने तिथेच. त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याला धक्का बसला नाही. रात्रभर कुणीतरी दार वाजवत असावं आणि आपण शेवटी उठून उघडावं, तेवढंच.

बाई आल्या तेव्हा तो त्यांच्या टेबलापाशीच उभा होता. त्याने सांगितलं. त्यांनी आधी कोऱ्याचा आकडा पाहिला, मग सरबताचा, मग त्याच्याकडे.

"काल कोरा घाण म्हणालास."

"न धुतलेल्या बरणीतला घेतला होता."

"चुकून?"

चुकून म्हणणं सोपं होतं. त्या पुढे काही विचारणारही नव्हत्या. "चुकून घेतला असं व्हावं, असं मला वाटत होतं," तो म्हणाला. मग आणखी काही बोलायला गेला, अण्णांचं, टाकीचं, पण टाकी आणि सांधे एवढंच तोंडातून निघालं, पुढचं वाक्य जुळेना. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं की लहान मुलं पितात का ते. मित्राची मुलगी पिते, तो म्हणाला. रोज.

"मग तू इथे काय करतोयस?"

तो निघाला तेव्हा त्यांनी जिन्यावरून हाक मारून सांगितलं की टाकी बंद करणं हेच पहिलं औषध, पोरीचं रक्त तपासून घ्यायला सांग, मोठ्या दवाखान्यात होतं, आणि सांधा कोणी केला, का केला यावर वाद घालत बसू नका. अण्णांबद्दल तर तो बोललाच नव्हता. पण जाड सांधे कोण कुणासाठी करतं हे बाईंना आकड्यावरूनच कळलं असावं, किंवा त्याच्या तोंडावरून.

दुकान नुकतंच उघडलं होतं. टाकी भरलेली, बर्फ घातलेला, बूच लिंबं धूत होता. वेळ नसताना हा कसा, म्हणून त्याने भुवया वर केल्या आणि म्हणाला की काढलं वाटतं नोकरीवरून. तो म्हणाला, सरबतात शिसं आहे. खूप आहे. टाकीच्या सांध्यांतून येतंय; लिंबू दिवसभर त्यावर बसून ते खातं. बूचने आधी विनोद शोधला. त्याच्या चेहऱ्यावर तो शोधताना दिसला, खिसे चाचपल्यासारखा, आणि मिळाला नाही. तुमचेच धागे खराब होते ना, बूच म्हणाला. धागे चांगले आहेत, आज सकाळी पुन्हा बघितलं. तुझ्या यंत्राला अण्णांचं काम कळतं का, बूच म्हणाला, आवाज चढला, थांब्यावरच्या दोघांतिघांनी वळून पाहिलं; अख्ख्या गावाच्या बादल्या केल्या त्यांनी, कुणी मेलं का? माझ्या बापाने पोरीला विष पाजलं म्हणतोस? त्यांनी ती गळू नये म्हणून केली, एवढंच तो म्हणाला, आणि ते उत्तर होतं की नाही त्याला माहीत नाही. बूच टाकीच्या पोटावर तळहात ठेवून उभा राहिला, तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग वाकला आणि तोटी पूर्ण सोडली.

सरबत गटारात जाऊ लागलं. टाकी मोठी होती, धार बारीक, वेळ लागत होता. एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं की अहो पेला तर द्या, सांडताय कशाला. बूच त्याला म्हणाला की खराब झालंय, दादा. साध्या आवाजात. लिंबाचा वास सगळीकडे पसरला. धार चालू असताना, तिच्याकडेच बघत, बूचने विचारलं,

"काल संध्याकाळी तू इथे उभा होतास. तेव्हा माहीत होतं?"

त्याच्याकडे सगळं तयार होतं. कोरा घाण आला होता. खेप टाकायची होती. खात्री नव्हती. शास्त्राचा नियमच आहे की खात्रीशिवाय बोलू नये. प्रत्येक गोष्ट खरी, ओळीने मांडून ठेवलेली.

"हो," तो म्हणाला.

"तिने तुझ्यासमोर पेला संपवला."

"हो."

बूचने सुरी उचलली, पुसली, फळीवर ठेवली, पुन्हा उचलून पुन्हा पुसली. "तूसुद्धा प्यायलास," तो म्हणाला, "मला वाटलं, आज हा इतक्या घाईने का पितोय." मग त्याच्याकडे वळला. डोळे लाल होते, पण लिंबं चिरणाऱ्याचे ते नेहमीच असतात. "मी दोन ठेवून दिल्या तर तुला बरं वाटेल. म्हणून नाही देणार."

हे ऐकून तो टिकलीच्या स्टुलावर बसला. ते फार बुटकं होतं. गुडघे छातीशी आले. इथून टाकी केवढी मोठी दिसते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. बूचने वहिनींना फोन लावला. थोडं बोलला, जास्त ऐकलं. हो म्हणाला, नाही म्हणाला, मला पण आत्ताच कळलं म्हणाला, आणि हे म्हणताना त्याच्याकडे पाहिलं नाही. कुणी सांगितलं, असं पलीकडून विचारलं असणार, कारण बूच म्हणाला, आपल्याच माणसाने. फोन ठेवून तो शेजारी फरशीवर येऊन बसला. तोटीतून आता थेंब पडत होते, एकेक, सावकाश. मघाशी भरलेला बर्फ पत्र्यांच्या मध्ये कुठेतरी सरकला आणि टाकी आतून कण्हल्यासारखी वाजली. दोघं एकदमच दचकले. हसू येण्यासारखं होतं. आलं नाही.

उद्या सकाळी तिला न्यायचंय, बूच म्हणाला. रक्त देताना मी तिला धरीन, ते मला जमेल. पण कागद हातात आला की त्यातलं मला ओ की ठो कळणार नाही, आणि डॉक्टरला चार रुग्ण मागे असतात, तो काय सांगणार. तू येणार आहेस. विचारत नाहीये.

येतो, तो म्हणाला.

"नुसतं येतो नको. आकडा वाईट असला की तू आधी आत कुठेतरी नेऊन ठेवतोस. धुतोस, पुसतोस, मग देतोस. काल तसंच केलंस ना?"

त्याने मान हलवली.

"मग?"

खूप काही बोलावंसं वाटत होतं. मैत्रीचं, लहानपणाचं, अण्णांचं. त्यातलं काहीच बूचला नको होतं. तो स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसला, बूचच्या खांद्याला खांदा लागेल असा.

"आकडा जो येईल तो," तो म्हणाला, "आधी तुला सांगेन. स्वतःला नंतर."